आबाजींची कडक तंबाखू

चाकणच्या शेडचं भाडं हातात यायला लागल्यापासून सिगार ओढणारे मोशीचे आमचे आबाजीकाका यंदा पाइपवर आले. पाइप घेताना दुकानदार मधाळ आवाजात म्हणाला, "सर, बिगिनरसाठी व्हॅनिलावाली माइल्ड तंबाखू बेस्ट."

"मी काय आईस्क्रीम खायला आलोय व्हय? सगळ्यात कडक दे!"

घरी येऊन त्यांनी पाइप ठासून भरला आणि सिगारसारखा भकाभका ओढला. जीभ चांगलीच पोळली.

दुकानात सोबत गेलेल्या छबूकाकू म्हणाल्या, "सांगत व्हता ना त्यो? आता दूधभाकरी खावा गुमान."

"मी काय आजारी हाय? ठेचा वाढ!"

काकूंनी वाढला. पहिल्याच घासाला आबाजींचे कान लाल झाले आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"कसा झालाय?"

"मिळमिळीत," आबाजी म्हणाले. "आणखी वाढ."