"मुलीला परत बोलवा"

नमस्कार. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, पण आपल्यावरही कधी लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी रिटायर्ड ॲनेस्थेटिस्ट. मूळची नागपूरची, आता कित्येक वर्षं ओहायोत, डब्लिनला. भूल उतरताना पेशंट काय काय बडबडतात ते आयुष्यभर ऐकलं. कुणाला गेलेले वडील दिसतात, कुणाला छताला टेकून बसलेली बाई... मला प्रत्येक वेळी औषधाचा डोसच आठवायचा. पार्टीत भुतांचे विषय निघाले की मी चहा टाकायला उठायचे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालंय.

आमची मुलगी रेवा कोलोरॅडोत एका मोठ्या स्की रिसॉर्टवर काम करते. स्की पेट्रोलमध्ये. म्हणजे उतारावर कुणी पडलं, हरवलं, बर्फात अडकलं की धावून जाणारी मंडळी. (आमच्याकडच्या काही काकू अजून विचारतात, "मग नोकरीचं काय?") बर्फ वितळला की त्याच उतारांवर माउंटन बाइक, झिपलाइन, गाण्यांचे कार्यक्रम सुरू होतात, आणि रेवा तेव्हाही तिथेच असते. माझा नवरा सुधीर आणि मी एरवी उन्हाळ्यातच जायचो. त्या वर्षी ती म्हणाली, "आई, एकदा तरी माझं खरं काम बघायला या." म्हणून हिवाळ्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाईतच निघाली. "काल एक माणूस खाली आलाच नाही. वुई आर सर्चिंग. तुम्ही त्या केबल कारने, गोंडोलाने, वर जा, लॉजमध्ये बसा, मी लंचला भेटते."

लंच टळून गेला तरी ती आली नाही. बाहेर बर्फ इतका पडत होता की खिडकीबाहेरचे लिफ्टचे खांबही दिसेनात. लॉजमध्ये मात्र गर्दी, ओले बूट, पोरांचा दंगा, आणि ऊब एवढी की मी जॅकेट काढून ठेवलं होतं. सुधीर सूप आणायला रांगेत उभा होता.

समोरच्या खुर्चीत एक माणूस येऊन बसला. गोरा, साठीच्या पुढचा, हिरवं जॅकेट, डोक्यावर काही नाही. पांढऱ्या दाढीत बर्फ अडकलेला... आणि तो वितळत नव्हता. हे मी बघितलं, पण मनात कुठे नोंद झाली नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला,

"मुलीला परत बोलवा. मी तिकडे नाहीये."

आवाजात घाई नव्हती, भीती नव्हती. शेजारी दार वाजवून तुमच्या गाडीचा दिवा चालू राहिलाय म्हणून सांगतो ना, तसा.

मी म्हटलं, "म्हणजे? कुणाला बोलावू?"

"तुमच्या मुलीला. तिथे शोधू नका म्हणावं. परत बोलवा तिला."

एवढं बोलून तो उठला आणि दाराकडच्या गर्दीत शिरला. तेवढ्यात सुधीर ट्रे घेऊन आला.

"कोण होते गं? मला पाठमोरेच दिसले. पण मराठी काय स्वच्छ होतं! पुण्याचे का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मराठी. तो गोरा माणूस माझ्याशी मराठीत बोलला होता आणि मीही मराठीतच उत्तर दिलं होतं. मी जॅकेट न घालताच बाहेर पळाले.

स्की पेट्रोलचं केबिन लॉजच्या शेजारीच होतं. आत रेडिओवर एक मुलगी बसली होती. मी म्हटलं, मी रेवाची आई, तिला आत्ता परत बोलवा. ती समजूत घालायला लागली, "मॅम, शी इज फाइन, टीम सर्चवर आहे." मी हलेना. मी टेबलावर हात आपटला — आयुष्यात पहिल्यांदा, परक्या माणसासमोर. शेवटी तिने रेडिओ माझ्या हातात दिला.

"रेवा, परत ये."

"आई? आर यू ओके? बाबा ओके?" आवाज तुटत होता.

"आम्ही ठीक आहोत. तू परत ये. तो माणूस तिकडे नाहीये."

"व्हॉट? आई, आय ॲम वर्किंग, यार! थांब, काही ऐकू येत नाहीये... काइल, लेट्स गो अप! आम्ही दोघं वर डोंगराच्या धारेवर जातो, इथे सिग्नल नाही. एक मिनिट, आई."

मग खरखर. मग काहीच नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटर अचानक गप्प होतो ती शांतता मला माहीत आहे. ही तशीच होती. रेडिओवरची मुलगी उभी राहिली होती. ती रेवाचं नाव घेत राहिली, पुन्हा पुन्हा...

किती वेळाने कुणास ठाऊक, धापा टाकणारा आवाज आला. "वुई आर ओके. बोथ ऑफ अस." आणि मग, लहानपणी बोलायची तसं, "आई... आम्ही जिथे उभे होतो ना, तो सगळा उतार खाली गेला."

तो माणूस नंतर डोंगराच्या अगदी उलट बाजूला सापडला. झाडावर आपटला होता. हरवला त्याच संध्याकाळी गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी लॉजमध्ये बसले होते त्याच्या आदल्या दिवशी. शोधण्यासाठी दिलेला त्याचा फोटो रेवाने मला दाखवला. हिरवं जॅकेट. तीच दाढी. मी फोन तिच्या हातात परत दिला.

त्याची बायको, जोॲन, दुसऱ्या गावाहून आली होती. रेवाकडून तिच्या कानावर गेलं आणि तिने मला भेटायला बोलावलं. मी विचारलं, "तुमचे मिस्टर कधी भारतात होते का?"

"त्याने कधी पासपोर्टही काढला नाही," ती म्हणाली. मग माझा हात धरून विचारलं, "अजून काय म्हणाला? माझ्यासाठी काही?"

काय सांगणार? तो माझ्या मुलीबद्दल बोलला होता. फक्त तेवढंच. मी म्हटलं, "तो शांत होता." तिने मान हलवली, पण हात सोडला नाही.

विरळ हवा, काळजीने गांजलेली आई, योगायोग — सगळी कारणं लावून बघितली. पण मराठी सुधीरनेही ऐकलंय, आणि त्याला ना काळजी होती, ना चक्कर. या माणसाने माझी मुलगी का वाचवली, माझ्या भाषेत का बोलला, आणि बायकोसाठी एक शब्दही का ठेवला नाही... मला माहीत नाही. आता कळेल असंही वाटत नाही.

जोॲन अजून मधूनमधून फोन करते. हवापाणी, रेवाची चौकशी. मग म्हणते, "एकदा म्हणशील? त्याच्यासारखंच." मी म्हणते — मुलीला परत बोलवा, मी तिकडे नाहीये. तिला एक अक्षर कळत नाही. ती ऐकते, थँक यू म्हणते, आणि फोन ठेवते.