वेंडेलने शिवलेला चेंडू

वेंडेल फोडोर हा तिसाबारा गावातला शेवटचा खोगीरवाला. बापाने घोडदळासाठी खोगिरं शिवली, आणि महायुद्ध संपेपर्यंत वेंडेलनेही तेच केलं. मग घोडे कमी झाले, मालमोटारी आल्या, आणि त्याच्याकडे उरले शाळेच्या दप्तरांचे तुटके पट्टे आणि पाद्रीबुवांच्या पेटीची मूठ. एक्कावन्नाव्या वर्षी, हातात एवढी कला असताना, दिवसभर खिडकीत बसून राहावं लागतं, हे त्याच्या जिवाला फार लागायचं. तसं तो बोलून दाखवायचा नाही. फक्त चिडायचा.

चिडायला कारण घराच्या मागेच होतं. गावच्या फुटबॉल संघाचं मैदान त्याच्या कुंपणाला लागून, आणि दर रविवारी तिथे सामना. चेंडू कुंपणावरून आला की तो उचलून ठेवायचा आणि सोमवारशिवाय परत द्यायचा नाही. गावात त्याला सगळे ‘सोमवारकाका’ म्हणत. त्यालाही ते माहीत होतं.

चौतीस सालच्या शरदात तिसाबाराचा संघ देशाच्या सर्वांत वरच्या साखळीत पोचला. राजधानीचे नावाजलेले संघ आता या चिखलात खेळायला येणार! गाव नुसतं तरंगत होतं. पण पहिल्या तीन सामन्यांत संघाने सपाटून मार खाल्ला, आणि एका संध्याकाळी संघाचा कर्णधार बेर्तालान कपाळाला पट्टी बांधून वेंडेलच्या दारात उभा राहिला. दांडगा गडी, दिवसा पिठाच्या गिरणीत पोती वाहायचा.

“वेंडेलकाका, राग सोडा आणि एक ऐका.”

“तुझा चेंडू इथे नाहीये.”

“चेंडूचंच बोलायला आलोय. पावसात तो पाणी पितो नि धोंडा होतो. वर तोंड आवळलेल्या त्या वादीची गाठ. डोकं लावलं की कपाळ फाटतं. पोरं आता हेडरच मारत नाहीत, माना चुकवतात. तुमच्या खोगिरात म्हणे पाणी शिरत नव्हतं?”

“खोगिराला कोणी लाथा मारत नाही,” वेंडेल म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्याची बायको अगोता चुलीपाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. “बरं केलंत. नाहीतर काम करावं लागलं असतं.”

वेंडेलने फळीवरून कातड्याचा एक तुकडा काढला. मग रापीला धार लावायला बसला.

पहिला चेंडू अंड्यासारखा झाला. दुसरा छान गोल झाला, पण पाणी शिरू नये म्हणून त्याने अगोताची हंसाच्या चरबीची अख्खी बरणी त्याला चोळली होती. सरावाच्या वेळी गावातल्या तीन कुत्र्यांनी तो पळवला नि नदीकाठी बसून चाटून काढला. अगोता आठवडाभर कोरडा पाव वाढत राहिली. “चरबी चेंडूला लागते ना? मग पावावर काय फासू?”

तिसऱ्या वेळी वेंडेलला सूर सापडला. कातडं जनावराच्या पाठीचं घ्यायचं, चार दिवस ताणून त्याची सगळी ओढ काढायची, टाके आतून घालायचे आणि वरून कोमट मेण नि जवसाचं तेल जिरवायचं. वादीची गाठ त्याने कातड्याच्या पट्टीखाली अशी दडवली की हात फिरवला तरी लागू नये. बेर्तालानने तो चेंडू कपाळावर दहादा झेलला आणि अकराव्यांदा त्याला चक्क मुका दिला.

मग वेंडेल आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेला. खेळाचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो फक्त चेंडू बघायचा. कोणी जोरात लाथ घातली की कळवळून ओरडायचा, “अरे, बेतानं!” शेजारचे हसून लोटपोट व्हायचे. संघ मात्र जिंकायला लागला होता.

नोव्हेंबरात राजधानीचा एक बडा संघ आला. सकाळपासून पाऊस. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती आणि पाहुण्यांचा कर्णधार भलताच तापला होता. तो पंचांना म्हणाला, “या चेंडूत काहीतरी भानगड आहे. एवढ्या पावसात तो हलका कसा? तोला तो!”

आता तराजू आणायचा कुठून? संघाचे सचिव लोरांत हे गावचे औषधवाले. ते धावत दुकानात गेले आणि हाताला लागला तो काटा घेऊन आले. तो होता तान्ही बाळं तोलायचा. पंचांनी अगदी गंभीर चेहऱ्याने चेंडू पाळण्यासारख्या त्या पत्र्याच्या ताटात ठेवला.

“मुलगा की मुलगी?” गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

“बापावर गेलंय हो! तसंच टक्कल!” दुसरा म्हणाला, आणि सगळ्यांच्या नजरा वेंडेलकडे वळल्या. वेंडेल लालबुंद झाला, पण जागचा हलला नाही.

वजन नियमात चोख बसलं. नव्या कोऱ्या चेंडूचं असतं त्याहून जेमतेम तोळाभर जास्त. तरी पाहुण्यांचं समाधान होईना. पंच वैतागून म्हणाले, “ठीक आहे. उरलेला खेळ तुमच्या चेंडूने खेळा.” लोकांनी शिट्ट्या मारल्या. वेंडेलने आपला चेंडू उचलला, कोटाच्या आत घेतला आणि बाकावर जाऊन बसला.

पाहुण्यांचा चेंडू वीस मिनिटांत भिजून टम्म झाला. त्यांच्याच एका उंच खेळाडूने त्याला डोकं लावलं आणि तो मटकन चिखलात बसला. भुवईतून रक्त वाहत होतं. त्यांचा कर्णधार मान खाली घालून बाकापाशी आला.

“काका, तो मघाचा चेंडू द्याल का?”

“कशाला? त्यात भानगड आहे ना?”

अगोताने कोपराने ढोसलं. “द्या हो. पोराचं कपाळ फुटलंय.”

वेंडेल उठला. चेंडू बाहीला पुसत मैदानाच्या मधोमध गेला आणि त्याने तो त्या माणसाच्या हातात दिला. “टाके आतून घातलेत,” तो म्हणाला. “आमच्या नि तुमच्या दोघांच्याही कपाळाला सारखाच.”

आणि पुढच्याच मिनिटाला पाहुण्यांनी त्या चेंडूने गोल केला!

“अहो सोमवारकाका, आजच बरा दानशूरपणा सुचला!” अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं. लोरांतसाहेबांनी तर टोपी जमिनीवर आपटली. वेंडेलला पहिल्यांदाच चेंडूपेक्षा गोलांचा आकडा महत्त्वाचा वाटला. तो बाकावर चढून ओरडायला लागला, “बेर्तालान, मार! जोरात मार! फाटला तर दुसरा शिवीन!”

शिट्टी वाजायला तीन मिनिटं उरली होती. डावीकडून चेंडू उंच आला. बेर्तालानने मान चुकवली नाही. सगळं अंग झोकून त्याने कपाळ लावलं आणि चेंडू गोलरक्षकाच्या बोटांवरून आत गेला. दोन-दोन. वेंडेल बाकावरून थेट औषधवाल्यांच्या अंगावर पडला. दोघे चिखलात लोळत एकमेकांना मिठ्या मारत होते.

संध्याकाळी पाहुण्यांचा कर्णधार दुकानात आला. वेंडेलने आलुबुखाराच्या दारूचे दोन पेले भरले. “आम्हाला चार चेंडू हवेत,” कर्णधार म्हणाला. “आणि सकाळच्या बोलण्याबद्दल... म्हणजे दुपारच्या...”

“प्या,” वेंडेल म्हणाला. “चार चेंडू पंधरा दिवसांत.”

पंधरा दिवसांचे महिने झाले, कारण बाकीच्या संघांचीही पत्रं यायला लागली. अगोताच्या हातातही आरी आली, आणि तिचे टाके जास्त बारीक पडतात, हे वेंडेलला कबूल करावं लागलं. वसंतात तिसाबाराचा संघ बारांत दहावा आला. म्हणजे वरच्या साखळीत टिकला, आणि त्या दहाव्या नंबरासाठी गावाने दोन दिवस बँड वाजवला. राजधानीतल्या एका दुकानदाराने वेंडेलला तिकडे येऊन राहायचं आमंत्रण दिलं. मोठी कार्यशाळा, हाताखाली माणसं.

पत्र वाचून अगोताने विचारलं, “जायचं का?”

“तिथे रविवारी काय करायचं?” वेंडेल म्हणाला, आणि मेण गरम करायला उठला.

नकाराचं उत्तर अगोतानेच लिहिलं.