खिशातली किल्ली

पावाच्या कारखान्यातली यंत्रं मिस्तरींचं ऐकतात, असं अठरा वर्षं म्हटलं जायचं. मग कणीक मळायच्या यंत्राने एक दिवस ऐकलं नाही आणि आत हात घालून पातं बसवत असलेल्या त्यांच्या मेहुण्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. ती तीन दिवसांत संपली, यावरून कशी झाली ते समजावं. दुरुस्तीच्या वेळी वीज बंद करून स्विचला कुलूप घालायचं असतं. स्विचवर कुलूप नव्हतं. सबब मिस्तरी विसरले. कुलूप का नव्हतं हे विचारायला कोणाला सवड नव्हती, कारण पाव थांबत नाहीत.

मिस्तरींनाही काही सांगता येईना. त्या सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं. उरली होती यंत्राची घरघर आणि ‘दाजी’ ही एक हाक. त्या दिवशीच्या पँटच्या खिशात निघालेली कुलपाची किल्ली ते पापाची खूण म्हणून जवळ बाळगत. घरात मिक्सर लागला की अनवाणी रस्त्यावर जात. शेवटी बायकोने मिक्सर माळ्यावर टाकला आणि आठ महिने खलबत्त्यात कुटत राहिली. भावाच्या हातावरून तिने नवऱ्याला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना प्रत्येक घावाला वाटे. मेहुणा तर भेटला की म्हणायचा, जाऊ द्या दाजी, चूक माणसाच्याच हातून होते. ज्याला एकच हात उरलाय त्याने हे म्हणावं!

मॅनेजरसाहेब मनाने फार मोठे. त्यांनी ‘चूक सर्वस्वी माझी’ असा कागद टाइप करून ठेवला होता. सही केली की हलकं काम मिळणार होतं. मिस्तरी सहीला तयारही होते, पण पेन टेकवताच हात असा थरथरायचा की ती सही वकिलांना चालेना. म्हणून कंपनीने त्यांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. सहा बैठका. हात स्थिर करून परत पाठवणे.

बाईंची खोली म्हणजे दोन खुर्च्या आणि एक पंखा. पहिल्या बैठकीत मिस्तरी फक्त त्या पंख्याच्या बेअरिंगबद्दल बोलले. दुसरीत बाईंनी सांगितलं, डोळे मिटा आणि तो दिवस सकाळपासून, आत्ता घडतोय असा सांगा. मग पुन्हा सांगा.

मिस्तरी भडकले. “जखम उकरून बरी करतात, हे कुठल्या शाळेत शिकलात?”

“आत काच असेल तर उकरावी लागते,” बाई म्हणाल्या. “थांबायचं कधी, ते मात्र तुम्ही सांगायचं.”

तिसऱ्या बैठकीतून ते मध्येच उठून गेले. चौथीत घरघरीपर्यंत पोचले आणि खुर्ची घट्ट धरून बसले. पाचवीत हाकेच्याही पलीकडे गेले. हाक आली, छाती धडधडली, आणि धडधड हळूहळू ओसरली. ते खोलीतच होते.

मग बाईंनी सहज विचारलं, बोलताना खिशात काय चाचपता? मिस्तरींनी किल्ली काढली आणि अडाण्याला समजवावं तसं समजावू लागले. हे कुलूप घरच्यासारखं नाही. उघडं असलं की किल्ली आत अडकून राहते, ओढली तरी निघत नाही. वापरात नसलेली कुलपं किल्लीसकट फळीवर उघडी टांगलेली असतात. स्विचला घालून बंद केलं तरच किल्ली सुटते, आणि ती ज्याची त्याने खिशात—

मिस्तरी थांबले. पंख्याचं बेअरिंग कुरकुरत होतं.

“मी लावलं होतं,” ते म्हणाले. “बाई, हे मला अठरा वर्षं माहीत आहे. मग आठ महिने कुठे गेलं होतं?”

“घाबरलेला माणूस दोष शोधायला निघाला की पहिल्यांदा स्वतःच्या घरात शिरतो,” बाई म्हणाल्या.

किल्ली खिशात असताना कुलूप निघायला एकच वाट होती: पावांना उशीर होत होता म्हणून कोणीतरी ते कटरने तोडलं असणार आणि तुकडे गायब केले असणार. मिस्तरींना राग आला. आठ महिने स्वतःच्याच अंगावर धावून येणारा राग पहिल्यांदा दाराबाहेर पडला.

त्यांनी घरी सांगितलं. बायकोने बत्ता खाली ठेवला, स्टूल घेतलं, माळ्यावरून मिक्सर काढला आणि लावला. मिस्तरी दाराची चौकट धरून उभे राहिले. बाहेर गेले नाहीत. मेहुण्याने किल्ली डाव्या हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाला, “आठ महिने मी तुम्हाला माफ करत होतो दाजी. सगळं फुकट गेलं.”

सहाव्या बैठकीनंतर मिस्तरी साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी कागद सरकवला आणि हाताकडे बघून समाधानाने मान हलवली. “बाईंचा गुण आला म्हणायचा,” साहेब म्हणाले.

“आला,” मिस्तरी म्हणाले.

त्यांनी टाइप केलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘कुलूप मी लावलं होतं. किल्ली माझ्याकडे आहे. तोडलं कोणी, ते कंपनीने सांगावं.’ आणि सही केली. ती इतकी वळणदार आली, की वकिलांना नाव ठेवायला जागा नव्हती.