आईचा बाप्तिस्मा

मी मुलुंडच्या सेमिनरीत होऊ घातलेल्या पाळकांना शिकवतो आणि रविवारी आरेच्या पाड्यांवर उपदेशाला जातो. आम्ही कॅल्विनपंथी. माणूस देवाला निवडत नाही, देव माणसाला निवडतो. उपदेशक नुसता निरोप्या. हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलंय.

माझ्या आईपर्यंत मात्र माझा निरोप कधी पोचला नाही. मी ख्रिस्ती झालो तेव्हा तिनं जेवायला वाढणं थांबवलं नाही. फक्त विषय निघाला की उठून भांडी घासायला जायची. घाटकोपरच्या तिच्या खोलीत मी कितीदा घसा कोरडा केला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग माझा एक जुना विद्यार्थी घाटकोपरच्या मंडळीचा पाळक झाला. अभ्यासात यथातथा, ग्रीकमध्ये काठावर पास. मीच त्याला म्हटलं, जवळच राहतोस तर आईकडे डोकावत जा. तो डोकावला, बांगड्याचं तिखलं खाऊन आला, पुन्हा गेला. वर्षभरात आई त्याच्या चर्चमध्ये बसू लागली. मला हे शेजारणीकडून कळलं. आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्यात मोठ्या माणसाला बाप्तिस्म्याआधी मंडळीतले ज्येष्ठ प्रश्न विचारतात. आईच्या वेळी मलाही बोलावलं होतं.

"देवाकडे यायचं कधी ठरवलंत, आजी?" एकानं विचारलं.

"मियां खंय ठरवलंय? तेनाच माका बोलवल्यान."

माझ्या वर्गात निम्म्या पोरांना हे उत्तर येत नाही. ज्येष्ठ खूश झाले. म्हणाले, आता सरांनीच बाप्तिस्मा द्यावा, पोटचा मुलगा आहे.

"नको," आई म्हणाली आणि तिनं शेजारी बसलेल्या पाळकाकडे बोट केलं. "ह्या झिलाच्या हातान होऊ दे."

त्या पाळकाचा चेहरा पडला. "सर, मी त्यांना काहीच..." तो पुटपुटला. तो खोटं बोलत नव्हता, त्याचा मला जास्तच राग आला.

बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, "त्यानं असं काय सांगितलं, जे मी नाही सांगितलं?"

"तू येतंस तेवा माका शिकवतंस," ती म्हणाली. "तो येता तेवा माझा आयकता."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसलो. त्यानं ओंजळीतलं पाणी आईच्या पांढऱ्या केसांवर सोडलं, तिनं डोळे मिटले. निवड देवाची, हे मी आजही शिकवतो आणि मानतो. पण तिच्यासाठी देवानं मला निवडलं नाही, हे काही केल्या गिळवत नाही.