सकाळच्या प्रश्नाचं उत्तर

“हां, सकाळी काय इचारलेलंस रे?”

संध्याकाळी माझ्या चहाच्या दुकानात शिरताना मामांचं हे पहिलं वाक्य. मग पाव चहात बुडवत, सकाळी वाटेत ज्याने ज्याने काही विचारलं असेल त्याला ते क्रमाने उत्तर देत. “म्हापशाची गाडी आज उशिरा येतली, नाद सोड.” विचारणारा तोवर म्हापशाला जाऊन परतही आलेला असे.

मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा, निवृत्त बसड्रायव्हर. पेडण्याच्या रस्त्यावर हॉर्नपेक्षा त्यांचाच आवाज मोठा. असा माणूस सकाळी मुका, आणि तो मामींसाठी. मामींचं उजवं अंग लुळं पडलं होतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, शेवटी मामांनी देवाच्या झरीचं पाणी धरलं. आमच्याकडचा नेम तुम्हाला ठाऊक नसेल. उजाडताना झरीवर कळशी भरायची आणि घरी रोग्याला पाजेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जत्रेपर्यंत रोज. एकदा जरी बोललात तरी नेम मोडला, आधीचं सगळं पाणी फुकट.

आम्ही लोक कसले द्वाड! त्यांना बोलतं करायला मुद्दाम प्रश्न टाकायचो. मामा डोळे वटारत, कळशी दुसऱ्या खांद्यावर घेत आणि पुढे जात. त्या पाण्यावर माझा विश्वास होता की नाही, ते सोडा. मामींची बोटं हलू लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

जत्रा तोंडावर आली आणि भाषेचं पेटलं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून माझ्या दुकानात कप फुटले. घरी सगळे एकच बोली बोलणारे, पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्यावरूनच पुकारलेल्या बंदच्या दिवशी सकाळीच परगावच्या काही जणांनी गाड्या अडवायला दुकानासमोरच्या वळणावर, दोन काजूच्या झाडांना छातीएवढ्या उंचीवर दोर बांधला. मी अर्ध्या फळ्या लावून आत उभा होतो. तेवढ्यात झरीकडून मामा आले.

“बोल रे म्हाताऱ्या, खंयच्या बाजूचो तू?”

मामांनी कळशी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मस्ती इली काय? बोल!”

“अरे, त्यांचो नेम हा! सोडा त्यांका!” मी आतून ओरडलो. ऐकतो कोण! एकाने मामांची कॉलर धरली, दुसऱ्याने दांडा उचलला. मामांनी कळशी पोटाशी घट्ट धरली आणि डोळे मिटले. ओठ मिटलेलेच होते.

आणि उतारावरून मोटारसायकलचा आवाज आला. एक तरुण पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकलवर भाडं मारणारा, भरधाव येत होता. वळणाआडून त्याला दोर दिसणं शक्यच नव्हतं. दांडेवाले नुसते बघत राहिले. मी फळ्या सारून बाहेर येईपर्यंत उशीर झाला असता.

“राव रे! थांब! फुडे दोर हा!”

तोच तो हॉर्नपेक्षा मोठा आवाज. मोटारसायकल घसरत दोराच्या हातभर अलीकडे थांबली.

बांधणाऱ्यांपैकीच एकाने दोर सोडला. मामांनी कळशीत पाहिलं, सगळं पाणी काजूच्या मुळात ओतलं आणि रिकामी कळशी घेऊन घरी गेले.

जत्रा झाली आणि थोड्याच दिवसांत मामी गेल्या. मूलबाळ नव्हतं. तरी मामा रोज उजाडताना झरीवर जात, तसेच गप्प. पाणी आता तुळशीला घालत. एका सकाळी बाकावरच्या एका शहाण्याने विचारलंच, “मामा, त्या दिवशी वरडला नसतात तर मामी वाचली असती, नाय?”

संध्याकाळी मामा आले. बसचं सांगितलं, बाजारातल्या बांगडे-मासळीचं सांगितलं. मग पाव बाजूला ठेवून म्हणाले,

“ता मी रोज स्वताक इचारतंय. उत्तर गावला की सांगतंय.”

त्यांनी ते कधी सांगितलं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. अंत्ययात्रा माझ्या दुकानावरूनच निघाली. मुलाने धरायचं विस्तवाचं मडकं हातात घेऊन पुढे तो पायलट चालला होता. वळणावर त्याला कोणीतरी काहीतरी विचारलं. त्याने नुसती मान हलवली, ओठ घट्ट मिटले आणि मडकं सांभाळत पुढे गेला.