टाकीवरची तारीख

पेंटर गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली. आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर सकाळी त्यांचा फोटो आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेच्या मध्येच कुणीतरी विचारलं होतं की आज पाणी किती वाजता सोडणार. पेंटरचं घर माझ्या घरापासून चौथं. चार घरं ओलांडून ही बातमी माझ्या दारात आणावी असं त्या घरातल्या कुणाला वाटलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो... आणि परत येऊन खुर्चीत बसलो. दुपारी नदीवर सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्याला आता सहा-सात आठवडे झाले. हे लिहितो आहे ते श्रद्धांजली म्हणून लिहितो आहे असं कुणी समजू नये. तो अधिकार मी बारा वर्षांपूर्वीच घालवला.

नामदेव कंक हे त्यांचं नाव. गाव हिर्डोशीच्या बाजूला, डोंगरात. भोरला एसटीच्या डेपोत ते पेंटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांच्या पाट्या रंगवत राहिले. आमच्या भागात निम्म्या लोकांनी त्यांचं अक्षर रोज वाचलं असेल, पण ते कुणाचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा पाचाचा आकडा पोट पुढे काढून उभा राहिलेल्या माणसासारखा दिसायचा. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, निवृत्त झालो तेव्हा मुख्य लिपिक. या वसाहतीत आम्ही दोघांनी एकाच वर्षी घरं बांधली. ते मला अण्णा म्हणायचे आणि माझ्या नोकरीची टिंगल करायचे. “अण्णा, तुमच्या सहीनं कालव्याला थेंबभर पानी सुटत न्हाई. माज्या पाटीवर आख्खी गाडी वरंध्याला जाती.” मी चिडायचो. पण बोलणं खरं होतं.

वसाहतीचं रहिवासी मंडळ निघालं तेव्हा मी अध्यक्ष झालो, कारण मला अर्ज लिहिता यायचे, आणि पेंटर सचिव झाले, कारण त्यांना कामं करता यायची. पावसाळ्याआधी गटारं काढणं, पंधरा ऑगस्टचा झेंडा, गणपती, कोजागिरीचं दूध, मार्चमधली वार्षिक सभा... मंडळाचं वर्ष असं जायचं. पण पेंटरच्या लेखी मंडळाचं खरं काम एकच, टाकी धुणं. आमची टाकी वसाहतीच्या वरच्या अंगाला आहे, निम्मी जमिनीत आणि निम्मी वर. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ती धुवायची असा त्यांनीच पाडलेला रिवाज. दुसऱ्या दिवशी बायका पितरांच्या नावानं मातीचे करे भरतात, ते धुतलेल्या टाकीतल्या पहिल्या पाण्यानं भरले जावेत म्हणून. “आपन शिळं पिऊ. मेलेल्या मानसाला कशाला पाजायचं?” असं ते म्हणायचे. पाणी सोडून दिलं की ते स्वतः आत उतरायचे. काथ्यानं भिंती घासायच्या, गाळ उपसायचा, आणि मग बोटाच्या पेरानं भिंत ठोकत, कान लावत सगळीकडून फिरायचं. पोकळ आवाज आला की तिथं चीर आहे असं समजायचं आणि सिमेंट भरायचं. टाकीच्या शेजारून वरच्या आळीचं गटार जातं, त्यामुळे हे ठोकून बघणं सगळ्यांत महत्त्वाचं. सगळं झालं की बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर निळ्या ऑईलपेंटनं लिहायचं: ‘टाकी धुतली’, आणि खाली तारीख. ती तारीख दिसली की बायका निर्धास्त पाणी भरायच्या. पेंटरची तारीख म्हणजे आमच्याकडे शिक्काच होता.

बारा वर्षांपूर्वी तालुक्यात स्वच्छ वसाहतीची एक स्पर्धा निघाली. मी हौसेनं अर्ज केला. पाहणीला माणसं येणार होती अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी, आणि भिंतीवर तारीख होती मागच्या वर्षीची. पाहणीच्या आदल्या दिवशी मी पेंटरना म्हणालो, आजचीच तारीख टाका, धुणं चार दिवसांनी होतंच आहे. ते बराच वेळ ब्रश पुसत उभे राहिले. मग म्हणाले, “अण्णा, गाडी आल्याबिगर पाटी लावत न्हाईत.” मी म्हणालो, पेंटर, ही एसटी नाही, आणि अध्यक्ष म्हणून सांगतो आहे. त्यांनी तारीख टाकली. पाहणीची माणसं आली, भिंत बघून खूश झाली, चहा पिऊन गेली. आम्हाला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मंडळाच्या खोलीत अजून भिंतीवर आहे.

टाकीच्या झाकणाला कुलूप असायचं, माकडं झाकण उचलतात म्हणून. चावी अध्यक्षाकडे. धुण्याच्या आदल्या दिवशी मी पुतण्याच्या लग्नासाठी सारोळ्याला गेलो आणि चावी माझ्या बंडीच्या खिशात गेली. लग्नसराईचे दिवस, निम्मी वसाहत कुठल्या ना कुठल्या मांडवात. सकाळी पेंटरचा फोन आला. मी पंगतीच्या गडबडीत होतो. त्यांनी विचारलं, कुलूप तोडू का? आणि इथं मी जन्मभर कारकून राहिलो ते नडलं. मी म्हणालो, कुलूप मंडळाच्या मालकीचं आहे, ठरावाशिवाय तोडता येणार नाही, मी आल्यावर बघू. वसाहतीत जे लोक होते त्यांनी भिंतीवरची ताजी तारीख बघितली आणि यंदा पाहणीसाठी आधीच धुतलेली दिसते, असं समजून दुसऱ्या दिवशी करे भरले. मी तीन दिवसांनी परत आलो. पेंटर चावी मागायला आले. मी म्हणालो, आता टाकी भरली आहे, ऐन उन्हाळ्यात एवढं पाणी सोडून दिलं तर लोक ओरडतील, पाऊस लागला की धुऊ. आठवड्यानं ते पुन्हा आले. पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी आतूनच सांगायला लावलं की अण्णा झोपलेत. मी जागा होतो. फाटकाची कडी त्यांनी हळू लावली, तो आवाज मला ऐकू आला.

जूनमध्ये कावीळ सुरू झाली. आधी खालच्या गल्लीत दोन घरं, मग एकेक करत दहा-बारा. खालच्या गल्लीतल्या लक्ष्मीबाईंची मुलगी मंदा बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट असते, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तिला पुण्याला नेलं. पाचव्या दिवशी ती आणि पोटातलं मूल, दोघंही गेली. मग टाकी उपसली. तळाशी वीतभर गाळ होता आणि गटाराच्या बाजूच्या भिंतीला एक चीर होती, बोट जाईल एवढी. पेराच्या एका टकटकीनं कळली असती.

मंडळाची तातडीची सभा झाली. मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. लक्ष्मीबाई समोर जमिनीवर बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, तारीख लिहिलेली, आणि टाकीला तर हातसुद्धा लागलेला नाही. सगळे पेंटरकडे बघायला लागले. चावी माझ्याकडे असते हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती मागायला कुणी आलं होतं का, असं मला एकानंही विचारलं नाही. पेंटर उठले. माझ्याकडे एकदा बघितलं, डोळ्यांत काही राग वगैरे नव्हता, नुसतं बघितलं. थांबले. मग म्हणाले, “तारीख म्या लिवली. हात माजा हाय.” आणि बसले. मी का बोललो नाही याची कारणं शोधली तर आज चार-पाच सापडतील. शोधत नाही. मी बोललो नाही, एवढंच. उलट मी ठराव सांगितला, शब्दन् शब्द माझा: ‘सचिव श्री. नामदेव कंक यांनी टाकी न धुता धुतल्याची तारीख टाकल्याने अनर्थ ओढवला. त्यांना पदावरून दूर करण्यात येत आहे. सर्वांना स्मरण राहावे म्हणून हा ठराव दरवर्षी टाकी धुण्यापूर्वी वाचण्यात यावा.’ शेवटचं वाक्य घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं. लोकांचा राग बघून मला ते सुचलं, आणि सुचल्याचं त्या वेळी बरंही वाटलं.

तेव्हापासून दरवर्षी तो ठराव वाचला गेला. आधी मी वाचायचो, मग माझ्यानंतरचे अध्यक्ष. आणि पेंटर दरवर्षी यायचे. हातात काथ्या आणि बादली घेऊन बाजूला उभे राहायचे, आपलं नाव ऐकायचे, वाचन संपलं की लेंगा वर खोचून आत उतरायचे आणि भिंती ठोकायला लागायचे. पुढं वय झालं, गुडघे गेले, तरी झाकणाशी ओणवं होऊन आतल्या माणसाला सांगायचे, हितं ठोक, तिकडं ठोक. ते टाकी धुवायचे, पण तिचं पाणी त्या घरानं पुन्हा प्यायलं नाही. शाळेजवळच्या हापशावरून रोज सकाळी दोन कळशा. माझ्या दारावरून जायचे. वाटेत लक्ष्मीबाईंचं दार आलं की त्या आतून बोलायला लागायच्या. जे बोलायच्या ते इथं लिहिता येणार नाही. पेंटर मान खाली घालून, पाणी न सांडता जायचे.

एकदाच मी त्यांना विचारलं. दोन वर्षांपूर्वी, हापशावर, आम्ही दोघंच होतो. म्हटलं, पेंटर, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? त्यांनी कळशी भरू दिली. मग म्हणाले, “तुमी उठाल म्हनून थांबलो व्हतो, अण्णा.” कळशी उचलताना पुन्हा म्हणाले, “पयल्या वर्साला लई वाट बगितली. मग सवय झाली.” मी म्हणालो, येत्या सभेत सांगतो. ते हसले, आमच्या जुन्या दिवसांसारखे. “ठराव करून सांगनार का तसंच?” म्हणाले. त्या सभेला मी गेलो नाही. सर्दी झाली होती. खरंच झाली होती, पण जाता आलं असतं.

यंदा टाकी धुवायच्या दिवशी मंडळाच्या पोरांनी मला मान म्हणून वही हातात दिली, अण्णा तुम्हीच वाचा, सगळ्यांत जुने तुम्ही. मी ठराव वाचला. जिथं नामदेव कंक होतं तिथं माझं नाव घेतलं, जिथं सचिव होतं तिथं अध्यक्ष म्हटलं. एक-दोघं हसले. आताचा अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अण्णा, ओळ चुकली, चष्मा नीट लावा.” मी वही मिटली आणि तोंडी सांगितलं... तारीख, चावी, सारोळं, कुलूप, झोपेचं सोंग, सगळं. एक जण म्हणाला, जुनं झालं आता, ऊन वाढतंय, सुरू करू या. आणि त्यांनी मोटर लावली.

पेंटरच्या बायको, हौसामामी, कडेला उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, “मला म्हाईतच व्हतं की. रोज एका ताटावर बसत व्हतो आमी.” पदर सारखा करून पुन्हा म्हणाल्या, “मला कशाला सांगताय? तिला सांगा.” लक्ष्मीबाई गर्दीतून निघून गल्लीच्या तोंडाशी थांबल्या होत्या. मी पोचलो तेव्हा मला वाटलं, आता त्या शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

“बारा वरसं म्या चुकीच्या दाराला शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “आता तुमच्या दाराला द्यायचं बळ न्हाई राहिलं.”

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. वसाहतीतल्या बायकांनी टाकीवरून करे भरले. हौसामामी माझ्या दारावरून हापशाकडे गेल्या, पेंटरचा करा हातात घेऊन, आणि तिकडूनच भरून आणला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

वहीतला ठराव बदलावा म्हणून मी मंडळाला अर्ज दिला आहे. मार्चच्या सभेत घेऊ म्हणाले. मी तोवर असेन-नसेन म्हणून हे छापायला दिलं. आणि एक तोंडी विनंती केली, की टाकीला यंदा चुना देऊ नका. त्या साली चिडलेल्या लोकांनी पेंटरची तारीख चुन्यानं पुसून टाकली होती, आणि तेव्हापासून ती अधूनमधून वर येते. चुना दोन पावसाळे टिकतो. मग पापुद्रे सुटतात आणि खालून तो पोट काढलेला निळा पाच दिसायला लागतो, मग ‘टाकी’, मग ‘धुतली’. पोरांनी विनंती ऐकून घेतली आणि परवा रविवारी चुना देऊन टाकला. भिंत पांढरीशुभ्र दिसते आहे. माझ्या ओट्यावरून ती समोरच पडते. पेंटर स्वस्तातला रंग कधी वापरायचे नाहीत. दोन पावसाळे मी काढले तर ती तारीख मला पुन्हा वाचावी लागेल.