बारीक वायर

आमच्या टॉवेलच्या कारखान्यातला वायरमन माझ्यासमोर कधी खुर्चीत बसला नाही. बोलायचा तेही खाली बघून. पॅनलला हात लावण्याआधी मात्र मनगटातलं कडं काढून खिशात टाकायचा, न चुकता.

कुठला माग किती वीज खातो ते कळावं म्हणून मी केबलींवर सेन्सर बसवायचं ठरवलं. तो म्हणाला, "साहेब, न उघडणारा रिंगवाला घ्या. केबल सोडून रिंगेतनं ववायला लागतीय, पन लई पक्का. एक दिवस कारखाना बंद ठिवू की."

बंद? ऑर्डरी तुंबलेल्या असताना? मी चालू केबलवर चिमट्यासारखे लागणारे सेन्सर मागवले.

परवा एका सेन्सरचा आकडा भलताच दिसायला लागला. माग धडधडत होते. सेन्सरकडून मीटरला येणारी बारीक वायर सोडून बघावी म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर लावला, आणि खाडकन कानाखाली बसली.

वायरमननं मारली होती. मला, मालकाला, सगळ्या कामगारांदेखत.

"चालू लाईनवर ती वायर मोकळी करत्यात व्हय? बारीक दिसती, पन मोकळी झाली की लई व्होल्टेज चढतंय तिच्यात, मानूस जळतंय की!"

मग त्यानं पक्कड आणि टेस्टर टेबलावर ठेवले. "तुमच्यावर हात उचलला. निगतो मी."

मी मेन स्विच खाली ओढला. सगळे माग एकदम गप्प झाले.

दारापाशी तो थांबला. मागे वळला, आणि मनगटातलं कडं काढून त्यानं खिशात टाकलं.